बटण शेवटपर्यंत फिरवा

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आज लिहून टाकतो: त्या रविवारची येसर आमटी आईनं नव्हे, मी करपवली.

(यात पोलिसांत जाण्यासारखं काही नाही, मान्य! पण त्या एका पातेल्यापायी आईचं स्वयंपाकघर सुटलं, आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.)

सोयगावहून माझी धाकटी बहीण सुनंदा आणि आमचे दाजी जेवायला आले होते. आईनं येसर आमटी टाकली. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ. लक्ष हटलं की तळ गाठायला टपलेलं! आईनं गॅस बारीक केला आणि अंघोळीला निघाली.

"मधून मधून पळी फिरव. लई रटरटली तर गॅस अजून बारीक कर. दुसरं काय करू नको."

"आई, मी वाळूजला वीस वर्षं बॉयलर सांभाळतोय!"

"म्हणूनच सांगायलेय."

आमटी जरा रटरटली. मी बटण 'बंद'च्या दिशेनं थोडं मागं फिरवलं. आमच्या कारखान्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह तसाच कमी होतो. वाकून ज्योत बघावी? छे! ते नवशिक्यांचं काम. मी हॉलमध्ये जाऊन दाजींना वाफेचा दाब समजावू लागलो.

वाफेच्या तिसऱ्या मुद्द्यावर वास आला. धावलो. पातेल्याखाली जाळ असा की बॉयलर पेटावा! घाबरून बटण उलट दिशेला पार टोकापर्यंत पिरगाळलं, आणि ज्योत एकदम नखाएवढी झाली. तेवढ्यात सगळे आत आले. पुरावा कसा चोख! गॅस बारीक, आमटी काळी, पळी कोरडी.

आई ओल्या केसांनी बाहेर आली. "बारीकच हाय की अजून! मग लागली कशी? तू व्हतास ना रं इथं?"

"मी? मी तर हॉलमध्ये होतो."

(खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त नीच होतं.)

दाजी पातेल्यात डोकावले. यांना घरी चहाचं आधण ठेवता येत नाही. "वय झालं की व्हतं असं. किती वेळ झाला ते ध्यानात राहत नाय."

सुनंदाचे डोळे भरले. "आईला इसर पडायला लागला का रं दादा?"

आणि मी, देवा, मी गंभीरपणे मान डोलावली!

माझी बायको वैशाली शाळेत शिकवते. ती हळूच म्हणाली, "आई, आता तुम्ही गॅसजवळ नका जाऊ."

"मग शाळेच्या दिवशी तुमच्या मागं सकाळचं कोण बघंल, वहिनी?" दाजींनी विचारलं आणि स्वतःच निकाल दिला, "दादाला ठेवा! दुपारपाळीला तर जातो, आन् बॉयलरवाला माणूस हाय!"

एकमतानं ठराव पास. चोराच्या हाती किल्ली! आईला स्वयंपाकघराच्या दारात स्टूल मिळालं.

दुसऱ्या दिवशी वैशाली शाळेत गेली आणि मी वरण ठेवलं. उकळी आली.

"बारीक कर," स्टुलावरून आई म्हणाली.

मी ऐटीत बटण मागं फिरवलं. जाळ भसकन पातेल्याच्या काठापर्यंत चढला!

आईनं जाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं. बराच वेळ.

"पुढं फिरव. पार शेवटपर्यंत. शेवटाला बारीक असतो."

फिरवलं. ज्योत नखाएवढी.

"हां," आई म्हणाली. "असं व्हय."

बस, एवढंच. आठ महिने झाले, ती कुणाला काही बोललेली नाही. स्टुलावर बसून मला शिकवते: वाकून ज्योत बघ. बुडबुडे काठाकाठानं यावेत, मधून उसळू नयेत. पळी तळाला टेकवून फिरव. झाकण ठेवलंस तर फट ठेव. मी मुकाट ऐकतो. गेल्या खेपेला दाजी माझं वरण भुरकत म्हणाले, "दादाच्या हाताला चव हाय राव! आईच्या हातची व्हती तशी."

'व्हती'! आई समोर बसली होती. आणि मी, निर्लज्जासारखा, त्यांना अजून एक वाटी वाढली!

रविवारी सगळे पुन्हा येणार आहेत. येसर आमटीची फर्माईश आहे, माझ्याच हातची. आईला दोन गोष्टी अजून द्यायच्या राहिल्यात: सगळ्यांसमोर "ते मी केलं" एवढे तीन शब्द, आणि तिचा गॅस.