लांब मोज्यांच्या काकू

कोणतीही नवी वस्तू हातात आली की काकू आधी तिच्यात मूठ घालायच्या. लॉकडाऊन सुरू झालं तेव्हा मी त्यांना कापडी मास्क शिवून दिला, तर त्यातही त्यांनी मूठ घातली, बोटं ताणली, खिडकीकडे धरून उजेड कुठून येतो ते पाहिलं आणि निकाल दिला, "टाच एकेरी आहे."

मास्कला टाच नसते, हे सांगायच्या फंदात मी पडले नाही. त्यांच्या शेजारी राहून मला एवढं कळलं होतं की काकूंच्या जगात प्रत्येक गोष्टीला टाच असते. कुकरला, जावयाला, सरकारलासुद्धा. टाच दुहेरी विणलेली असेल तर ती गोष्ट टिकणार, एकेरी असेल तर पहिल्याच धुण्यात फाटणार. माझ्या कंपनीविषयीही त्यांनी हाच निकाल दिला होता. मी हसले, आणि हिवाळ्यात कंपनीने निम्मी माणसं काढली.

ही भाषा आली होती जुन्या कॅटलॉगांमधून. टपालाने कपडे मागवायचे ते जाडजूड कॅटलॉग; शहरापासून लांब शेतावर राहणाऱ्या बायका त्यातूनच घरादाराची खरेदी करत. काकूंकडे एक खोलीभर होते. पण साड्यांवर जीव असलेल्या या बाईला त्यातले झगे आणि टोप्या दिसतच नसत. त्या उघडायच्या ती पानं लहान मुलांच्या मोज्यांची. गुडघ्यापर्यंतचे रेघांचे, मुलींचे काळे सुती, तान्ह्यांचे लोकरी, वरच्या काठाची घडी घातलेले. धड नाही, चेहरा नाही, नुसते ओळीने उभे पाय.

"आमच्याकडे पोराच्या पायाचं कोण बघतं गं? वाळे घातले की झालं कौतुक," त्या म्हणायच्या. "इथं बघ. शाळेचा वेगळा, रविवारचा वेगळा, थंडीचा वेगळा. कुणीतरी बसून विचार केलाय."

ऑस्ट्रेलिया म्हणजे ऊन आणि समुद्र असं ज्यांना वाटतं त्यांनी जुलै महिन्यात टूवूंबाला यावं. पश्चिमेचा वारा सुटला की खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या लाकडी घरांत फटीफटीतून थंडी वर येते. काकू लग्न होऊन सोलापूरच्या उन्हातून आल्या त्या थेट इथल्याच एका खेड्यात. काका तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. मुलगा रांगता झाला तशी थंडीने त्याचे पाय निळे पडू लागले. दिवाळी आली म्हणून काकूंनी रिवाजाप्रमाणे घर धुवायला काढलं, स्वयंपाकघरातल्या जमिनीवर अंथरलेलं जुनं लिनोलियम उचललं, आणि त्याखाली त्यांना पहिला कॅटलॉग सापडला. मोज्यांचं पान बघून त्या हरखल्या. किमतीही अगदीच कमी. पुढच्या थंडीची सोय म्हणून मुलाचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आखलं, पाकिटात पैसे घातले, ऑर्डर धाडायला पोस्टात गेल्या.

पोस्टातल्या बाईने कॅटलॉग हातात घेतला आणि ती हसतच सुटली. तो तिच्या आजीच्या काळातला होता. कंपनी कधीच बंद पडली होती.

गावभर झालं. दुसरी कुणी महिनाभर घराबाहेर पडली नसती. काकूंनी त्याच पोस्टाशेजारच्या दुकानातून लोकर घेतली आणि ते चित्र समोर ठेवून तसेच्या तसे लांब मोजे विणले. "कंपनी मेली म्हणून काय झालं? चित्र तर खरं होतं ना?" पुढे हसणाऱ्यांपैकीच काही जणी आपल्या गोठ्यांतले, माळ्यांवरचे जुने कॅटलॉग त्यांना आणून देऊ लागल्या.

आता मुलाबद्दल. तो शेजारच्या राज्यात, सिडनीत राहायचा, चांगल्या हुद्द्यावर. काका गेल्यापासून त्याच्या डोक्यात एकच होतं: आईने घर विकावं आणि त्याच्या घराजवळच्या ज्येष्ठ नागरिकांच्या संकुलात राहायला यावं. त्याला काळजी होती हे मला मान्य आहे. पण फोनवरून आई चालवणाऱ्या मुलांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, आणि तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. साथ आली, राज्यांच्या सीमा बंद झाल्या, आणि त्याला न्यायला येता येईना. काकू खूश. "इतक्या वर्षांत सरकार पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडलं."

पण मुलगाही त्यांचाच होता. त्याने सिडनीत बसून इस्टेट एजंट ठरवला. एजंट फोटो काढायला यायच्या आधी घर रिकामं दिसावं म्हणून एक स्किप बिन मागवला. ट्रकवरून आणून अंगणात उतरवतात तो लोखंडी हौद. फोनवर आईला सांगितलं, "कॅटलॉगची रूम आधी क्लिअर कर. वर्षभर हात लागला नसेल ती वस्तू सरळ बिनमध्ये. इट्स जस्ट पेपर, आई."

काकू "बरं" म्हणाल्या. मला तिथेच शंका यायला हवी होती.

शनिवारी सकाळी कुंपणावरून हाक आली. "अगं, तुझा नवरा घरी आहे का? जड सामान आहे."

आम्ही मास्क लावून गेलो. मला वाईट वाटत होतं. काकू कॅटलॉगच्या खोलीवरून सरळ पुढे गेल्या आणि त्यांनी गॅरेज उघडलं. आत मुलाचा संसार होता. सर्फबोर्ड, व्यायामाचं यंत्र, युनिव्हर्सिटीच्या नोट्सचे खोके, बंद पडलेला प्रिंटर, शाळेत मिळालेले कप. सिडनीच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ठेवलेलं.

"सगळं घाला," काकू म्हणाल्या आणि खुर्ची टाकून बसल्या.

बिन अर्धा भरला तेव्हा मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन बिनकडे वळवून धरला.

"आई, दॅट्स माय स्टफ!"

"तूच म्हणालास ना, वर्षभर हात लागला नसेल ते टाक."

"मी कॅटलॉगचं बोलत होतो."

"त्यांना रोज हात लागतो."

तो एकदम म्हणाला, "तुला ठाऊक आहे मी त्या पुस्तकांना का हेट करतो? अख्ख्या शाळेत लांब स्टॉकिंग्ज घालणारा मी एकटा मुलगा होतो. सगळे हसायचे."

माझा नवरा उगाच सर्फबोर्ड न्याहाळू लागला. मला वाटलं, आता काकू विरघळणार.

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "तू फाटकापाशी ते काढून दप्तरात कोंबायचास, तेही ठाऊक आहे. तरी रोज घालत होते. हसणारे तुझा खोकला काढायला येणार नव्हते. मलाही हसलेच ना ते? मी थांबले का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "या घरात माझं मला सगळं कळतं, बाळा. तिकडे येऊन मी कुणाला विचारून चहा करू?"

तो हरला होता. आम्हा दोघांना ते दिसत होतं, काकूंनाही. "ॲट लीस्ट माझे कप तरी ठेव," तो म्हणाला.

"ठेवते. तू माझं घर ठेव."

एजंट आला नाही. बिन अर्धाच भरून गेला आणि भाडं मुलाने भरलं. सीमा उघडल्यावर तो आला, दोन आठवडे राहिला, गच्च डबे घेऊन एकटाच परत गेला. व्हिडिओवर डॉक्टरने विचारपूस केली की काकू अजूनही कॅटलॉगमधलंच इंग्रजी फेकायच्या, "हार्ड-वेअरिंग, डॉक्टर." म्हणजे टिकाऊ. मी हसायचे, पण त्यांच्या पायांवरची सूज मला दिसत होती. सिडनीचं नाव मात्र मी काढलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं, आणि मला ते परवडणारं नव्हतं. माझी आई पुण्यात अडकलेली होती. त्या काळात मला रागावणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात सीमा पुन्हा बंद झाल्या आणि त्याच दिवसांत काकू गेल्या. सकाळचा चहा घेऊन मी गेले तेव्हा लक्षात आलं. मुलाने परवानगीसाठी खूप खटपट केली, ती वेळेत मिळाली नाही. अंत्यसंस्काराच्या वेळी मी फोन धरून उभी होते. आम्ही मोजकीच माणसं, आणि स्क्रीनवर तो, त्याच्या बाल्कनीत.

सगळं आटोपल्यावर मी त्याला कॅटलॉगचं विचारलं.

"तू घे," तो म्हणाला. "मला नकोत. आय स्टिल हेट दोज सॉक्स." खरं बोलला म्हणून त्या दिवशी तो मला पहिल्यांदा आवडला.

मग त्याने विचारलं, "घरातच गेली ना? हॉस्पिटलमध्ये नाही?"

"घरातच. स्वतःच्या पलंगावर."

त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"मग जिंकली ती," तो म्हणाला.