कुडव्यातली कोचई

अर्जुनी मोरगावात असताना आम्ही दोघांनी नियम केला होता, की आपल्या तालुक्यात पिकेल तेच खायचं. नियम मी केला आणि बायकोने पाळला, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. घरामागे मोठी वाडी होती. तिच्यात वांगी, दोडके, अंबाडी, हळद, कोचई म्हणजे अळू, असं सगळं व्हायचं. तांदूळ शेजाऱ्यांच्या धानाच्या बांधीतला, मासळी तलावातली. नियम पाळायला वेगळं काही करावंच लागत नव्हतं. तरी पाहुणे आले की मी त्यांना तो समजावून सांगत असे.

भादव्यात माझी बदली गोंदियाच्या कार्यालयात झाली. शहराला लागून असलेल्या कुडव्यात भाड्याने घर मिळालं. पाहायला गेलो तेव्हा मी खोल्या पाहिल्या, पंखे लावून पाहिले, नळ सोडून पाहिला. अंगण पाहायचं राहिलं.

बायकोची अट एकच होती. वाडीतली माती सोबत न्यायची. वर्षानुवर्षं शेणखत घालून तिने ती केली होती. सोळा पोती भरली. टेम्पोवाल्याने एक पोतं उघडून पाहिलं.

"काऊन जी, गोंदियाले माती भेटत नाही का?"

"भेटते," बायको म्हणाली. "पण ते माही नाही."

आधी माती गेली. कपाट दुसऱ्या फेरीत आलं.

कुडव्याच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी होती. घरमालकीण वरच्या मजल्यावर एकटी राहायची. साठीची बाई, बोलणं हिंदीतून. तिने सांगितलं की चिखल होऊ नये म्हणून नागपूरच्या मुलाने गेल्या वर्षीच फरशी घातली. गच्चीवर कुंड्या ठेवायच्या नाहीत, छत गळतं. बायकोने मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. पोती जिन्याखाली रचली. आणलेल्या झाडांपैकी कोचईचे सहा गड्डे पानांसकट एका बादलीत लावून नळाजवळ ठेवले. गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, रोप तेलाच्या डब्यात लावलं.

आता नियमाचा प्रश्न आला. तालुका बदलला होता, म्हणून मी नियम जिल्ह्यापर्यंत वाढवला. बाजारात जाऊन प्रत्येक भाजी कुठली म्हणून विचारू लागलो. कोबी कुठून आला, टमाटर कुठून आले. तिसऱ्या दिवशी भाजीवाली म्हणाली, "भाऊ, खायासाठी घेऊन राहिले का पंचनामा करून राहिले?" त्या दिवशी मी नुसता सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन परतलो. तो जवळच्या गावचा आहे, असं ती म्हणाली होती. पुढे आठवडाभर आम्ही भात, वरण आणि जवसाची चटणी खाल्ली.

त्या आठवड्यात मी कार्यालयाजवळच्या टपरीवर रोज दोन समोसे खात होतो. आतला बटाटा कुठला, हे मी विचारलं नाही. शनिवारी शर्टाला चटणीचा डाग पडला आणि बायकोने तो पाहिला. मी सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. ती म्हणाली की घरमालकीण रोज दुपारी आलू-गोभी आणून देते आणि तीही ती खाते. मग बाजारातून कोबी आणला. कुठला, ते विचारलं नाही. चांगला होता.

पण रोज घ्यायचं आणि काहीच द्यायचं नाही, हे बायकोला बरं वाटत नव्हतं. घरात आमचं असं काहीच पिकत नव्हतं. एका सकाळी ती नळावर भांडी घासत होती. घरमालकीण खाली आली आणि बादलीपुढे थांबली. रोज तिथूनच जायची, पण तेव्हा पानं चांगली मोठी झाली होती.

"ये कोचई है ना?"

बायकोने हो म्हटलं. बाईने वाकून पानाचा देठ बोटाने दाबून पाहिला. तिचं माहेर सालेकशाच्या पलीकडचं, छत्तीसगडातलं. तिथे कोचईच्या पानांच्या वड्या ताकाच्या कढीत सोडतात, त्याला इडहर म्हणतात. नवरा गेल्यापासून ते घरात केलं नाही, असं ती म्हणाली. बायकोने आठ पानं कापून दिली. संध्याकाळी वरून पातेलं आलं. आम्ही इडहर पहिल्यांदाच खाल्लं. तिचं गाव परराज्यातलं असलं, तरी नकाशावर ते कुडव्याला अर्जुनीपेक्षा जवळ निघालं. हे मी बायकोला सांगितलं. तिने आणखी भात वाढून घेतला.

दोन दिवसांनी घरमालकिणीने मिस्त्री बोलावला आणि नळाच्या बाजूच्या बारा फरश्या उखडून खाली खड्डा करायला लावला. आम्ही मागितलं नव्हतं. बायको आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात खुरपं होतं. सोळापैकी सात पोती त्या खड्ड्यात मावली.

दिवाळीला घरमालकिणीचा नागपूरचा मुलगा आला. अंगणात फरशीच्या जागी माती पाहून त्याने आईला विचारलं की हे काय केलं.

"टाइल्स की सब्जी नहीं बनती," ती म्हणाली.

तो माझ्याकडे वळला. मी गोडलिंबाकडे पाहत राहिलो. गोडलिंब पुढे पंधरा दिवसांत वाळला. त्या मातीत लावलेल्या वांग्यांना मात्र फुलं आली आहेत. उरलेली नऊ पोती अजून जिन्याखाली आहेत, आणि बायकोचा डोळा आता फाटकाजवळच्या फरश्यांवर आहे.