उखळाची राखण आणि आठ परवानग्या

सांगायची लाज वाटते, पण आता चहा पाजताय म्हणून सांगतो. आमच्या गावच्या (पुण्याच्या नव्हे) शुक्रवार पेठेतल्या घरातून महादेवीची, म्हणजे माझ्या बायकोची, शेंगा चटणी चार वर्षं ऑनलाइन विकली जायची. चटणी ती कुटायची, दुकानाची वेबसाइट मी सांभाळायचो. रिटायर्ड हेडक्लार्क माणूस! सांभाळण्यात आमचा हात कोण धरणार?

तिच्या उखळाला कुणी शिवायचं नाही. मलासुद्धा हातपाय धुतल्याशिवाय परवानगी नाही. आणि मी काय केलं? दिवाळीत वेबसाइटवर पणत्या लुकलुकाव्यात म्हणून एक फुकटचं प्लगइन बसवलं. कुणी बनवलं, देव जाणे. त्यानं ओळीनं आठ परवानग्या मागितल्या. गिऱ्हाइकांची यादी बघू का, त्यांना मेसेज पाठवू का... आणि दर वेळी 'कृपया' म्हणून. दारात येऊन कुणी एवढं गोड बोलून मागितल्यावर आपल्याच्यानं नाही म्हणवतं का? दिल्या आठही.

"का ओ, कुणाचं हाय ते? वळखीचं हाय का?" महादेवीनं विचारलं.

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

पणत्या छान लुकलुकल्या. पाचव्या दिवशी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "काकू, चटणी बंद करून वजन कमी करायच्या गोळ्या विकताय का? तुमच्या दुकानाच्या नावानं रोज मेसेज येतोय." मग कुर्डुवाडीचे एक मास्तर. "माझा नंबर कुणाला दिलात?"

मी प्लगइन काढून टाकलं. पण यादी केव्हाच बाहेर गेली होती. मग मी हुशारी केली. सगळ्यांना माफीचा मेसेज पाठवला, अस्सल सरकारी मराठीत, शेवटी 'अधिक माहितीसाठी खालील लिंक दाबावी.' लोकांना तीही फसवणूकच वाटली. ज्यांनी तोवर ब्लॉक केलं नव्हतं त्यांनीही केलं.

महादेवीनं स्वतः एकेकाला फोन लावला. कुणी उचलेना. चार वर्षं तिनं कुटून कुटून जोडलेली माणसं. त्या दिवाळीत उखळ कोरडं राहिलं, आणि मला तिच्याकडं बघवेना.

पुढं तिनं स्वतःच शिकून नवं ऑनलाइन दुकान उघडलं. परवा मी सवयीनं आत शिरायला गेलो, तर पडद्यावर आलं, 'तुम्हाला फक्त बघण्याची परवानगी आहे.'

"अगं, हे काय?"

"मागा की. कृपया म्हणून."

मागितली. कृपया म्हणून मागितली.

"न्हाय," ती म्हणाली आणि शेंगा भाजायला गेली. एवढं सोपं असतं होय नाही म्हणणं!