पुसलेला खडूचा गोल

माझी नोकरी स्फोटांची, आणि दिवाळीत सुतळी बॉम्बला कानात बोटं घालणारा घरातला पहिला मीच. फुलंब्रीकडच्या माळावर आम्ही पोलादी प्लेटीवर टायटॅनियमचा पत्रा ठेवतो, वर स्फोटकाची भुकटी पसरतो. एका दणक्यात दोन्ही धातू कायमचे चिकटतात. अशा प्लेटींच्या पुढे ॲसिडच्या टाक्या बनतात. मग मी हातोडीनं ठोकत फिरतो. आवाज बद्द आला, की तिथं जोड पोकळ. त्याभोवती खडूनं गोल करायचा, म्हणजे दुरुस्त झाल्याशिवाय ती प्लेट बाहेर जात नाही.

त्या दिवशी सकाळी केलेला गोल दुपारी कुणीतरी पुसला होता आणि प्लेट ट्रकात चढवायला क्रेनला लावली होती.

"काका, तळहाताएवढा तर भाग आहे," मालकाचा भाचा म्हणाला. "ॲसिडच्या टाकीत वाकून कोण बघणार?"

"टाकीशेजारी माणसं काम करतात रे!" माझं डोकंच फिरलं. ओरडताना आवाज चिरकला, म्हणून सरळ प्लेटीवर मांडी घालून बसलो. "उचल आता माझ्यासकट!"

क्रेनवाला म्हणाला, "साहेब, एवढं वजन क्रेन नाय घेणार."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. आठवलं की अजून कानशिलं तापतात. ट्रक रिकामा गेल्यावरच मी उठलो आणि तो गोल पुन्हा काढला, या खेपेला लाल ऑइलपेंटनं.