भोक पाडलेलं घोंगडं

साऱ्या पोलादपूर तालुक्यात काचेशी हाडवैर धरलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा धाकटा दीर. भावजी कुडपणला एकटेच राहतात. जाऊ देवाघरी, मुलगे मुंबईला, आणि अर्ध्या वाडीच्या किल्ल्या भावजींच्या कमरेला. घरं बंद, भिंतींवर राहिलेत ते फक्त तसबिरीतले म्हातारे. महाडच्या पुरात लोकांचे फोटो चिखलात गेलेले पाहिले, तेव्हापासून भावजींनी ध्यास घेतला, की वाडीतल्या प्रत्येक तसबिरीचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि ज्याचा त्याला मुंबईला धाडायचा.

पण तसबिरीला काच असते आणि काच मेली चोंबडी. आजोबांच्या कपाळावर ट्यूबलाइट, मिशीत खिडकी. भावजींनी फ्लॅश बंद केला, दिवे मालवले, तसबिरी उतरवून ओटीवर सावलीत आणल्या, मोबाइल तिरका धरून पाहिला. तरी काचेत स्वतःचा पांढरा सदरा दिसायचाच. शेवटी त्यांनी नव्याकोऱ्या काळ्या घोंगड्याला मधोमध भोक पाडलं. घोंगडं डोक्यावरून पुढे सोडायचं, भोकातून मोबाइलचा डोळा तेवढा बाहेर. मग काचेत नुसता काळोख, आणि आतला म्हातारा स्वच्छ. पावसात शेतावर जातानाही तेच घोंगडं घेतात आणि भोकातून नेमकी धार मानेत झेलतात. शेजारीण सासऱ्याचा फोटो बघायला वाकली, तर घोंगड्यातून आवाज आला, "मागं सर गो! तुझं पिवळं लुगडं म्हाताऱ्याच्या फेट्यात शिरतंय!" रिकाम्या घरात तर तसबिरीशीच बोलतात. "काका, हलू नका हां."

मी हसायचे. माझी पाळी आली तेव्हा थांबले. आमचे हे गेले, आणि पुरानंतर माझ्या महाडच्या घरात त्यांचा एकच फोटो उरला, लग्न झाल्यावर महाडच्या स्टुडिओत काढलेला. तोही भिजून काचेलाच चिकटला. काच सोडवावी तर चेहरा सोलून निघेल. कडेने बुरशी चढत चढत ह्यांच्या कानापर्यंत पोचलेली. शेजारी मी, मान वेळावून, स्वतःला नटी समजून बसलेय. पावडर अशी थापलीय की घोंगडं घेऊन आलेले भावजी म्हणाले, "वैनी, ही चकाकी काचेची नाय, तुमची हाय. घोंगडं काय करणार हिला?"

"चेष्टा पुरे, भावजी. कान गेला, उद्या डोळा जाईल. काढा आधी."

घाबरून त्यांनी घोंगडं न घेताच एक काढला. मग जीभ चावली, घोंगड्यात शिरले आणि दुसरा काढला. लख्ख! ह्यांच्या हनुवटीवरची खळीसुद्धा दिसली. मी पदर डोळ्यांना लावला.

"पयला खराब झालाय, वैनी. माझंच थोबाड उमटलंय. पुसतो."

मी मोबाइल ओढून घेतला. काचेत भावजी उमटले होते, ह्यांच्या खांद्याशी, पिकल्या केसांचे, वाकलेले. दोघा भावांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता. आणि धाकटा थोरल्यापेक्षा केवढा म्हातारा!

"राहू द्या," म्हटलं.

भावजी बघत राहिले. "दादा पोरगा दिसतोय की वो," म्हणाले आणि घोंगडं काखेत मारून एसटीला निघाले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पोचलो." त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला.