लॉगबुकात नसलेलं बक्षीस

आई जाऊन सहा महिने झाले होते तेव्हा मुंबईहून भावाचा फोन आला. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडते. गोदामासमोर दोन ट्रक एकाच वेळी मागे घेणं चालू होतं, त्यामुळे त्याला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागलं. पॉप गाण्यांच्या कुठल्याशा मोठ्या सोहळ्यात त्याला बक्षीस मिळालं होतं. "कार्यक्रम होऊन गेला ताई, पण टीव्हीवर या रविवारी दाखवून राहिले. दुपारी बारा ते चार." मी म्हटलं, "बरं." मग कमी पडलं असं वाटून म्हटलं, "छान झालं." मग तो म्हणाला, "बाबाले दाखवशील?"

घर सोडल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्याने मला असं काही मागितलं नव्हतं.

मला आनंद झाला असं इथे लिहायला हवं, पण झाला नाही. दुःखही झालं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपलाच असून आपला राहत नाही, तसे ते सहा महिने चालले होते. ऑफिसात जायचं, बसमधून कोराडीला परत यायचं, खिडकीच्या पट्टीवरची वीज केंद्राची राख पुसायची, बाबांना वाढायचं. आई गेल्यावर मी खोली सोडून बाबांकडे राहायला आले, तेही कुणीतरी सांगितलं म्हणून.

बाबा वीज केंद्रात टर्बाइनवर ऑपरेटर होते. त्या हॉलमध्ये माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही. कानात घालायला बोळे मिळायचे, ते यांनी कधी घातले नाहीत. म्हणायचे, बोळे घातले तर मशीन काय बोलते ते कसं समजन? लांब दांड्याचा एक पेचकस त्यांच्याजवळ असायचा. त्याचं टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काही घासत असेल तर ते हाडातून कळतं. मीटरच्या आधी बाबांना कळायचं अशी त्यांची ख्याती होती. त्या हट्टापायी रिटायर होईपर्यंत कान गेले. आता यंत्र लावलं की शिट्टी मारतं म्हणून ते कपाटात आहे, आणि आम्ही पाटीवर लिहून बोलतो.

भावाचा कान बाबांवरच गेलेला. लहानपणी तो मिक्सरच्या आवाजावरून सांगायचा की ब्लेड ढिलं झालं आहे. बाबांना फार कौतुक होतं. त्याला प्लँटमध्ये अप्रेंटिस म्हणून जागा मिळाली तेव्हा त्यांनी आपला पेचकस त्याच्या हातात दिला. आठ महिन्यांनी त्याने तो टेबलावर परत ठेवला आणि मुंबईला एका स्टुडिओत कामाला गेला. "मशीन सोडून गाणे वाजवाले चालला," एवढंच बाबा म्हणाले. त्यानंतर दोघांचं बोलणं आईच्या मोबाइलवरून चालायचं. ती फोनवर त्याला सांगायची, "बाबा विचारून राहिले, जेवला का." फोन ठेवून बाबांच्या कानाशी ओरडायची, "पोट्टा विचारून राहिला, गोळ्या घेता का वेळेवर." आईच्या तेराव्याला दोघं एका खोलीत चार तास बसले आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन्हीकडचं ती मनानेच बोलायची.

असल्या सोहळ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, आधीच सांगते. नाचायला जो येतो त्याला बक्षिसाची बाहुली मिळते, जो येत नाही त्याचं गाणं त्या वर्षी वाजलंच नव्हतं असं समजायचं. अंधा बांटे रेवडी, अपने अपने को दे. गाणं चांगलं की वाईट हे काही अशा रविवारी ठरत नाही. ते रिक्षावाल्यांनी आणि लग्नातल्या बँडवाल्यांनी कधीचं ठरवून टाकलेलं असतं.

पण कॉलनीच्या गणपतीत भाऊ लिंबू-चमच्यात तिसरा आला होता आणि त्याला स्टीलचा डबा मिळाला होता, तेही मला आठवतं. बाबा ड्युटी बदलून आले होते. त्या डब्याचं झाकण कधी नीट बसलं नाही. तरी मुलगा पायऱ्या चढतो, त्याचं नाव घेतात, आणि आपण खाली सतरंजीवर बसून ते पाहतो, याला काहीतरी अर्थ असतो. भावाचं आजचं सगळं काम कानाचं, आणि बापाला कान नाहीत. मिळालं तर बाबांना ते डोळ्यांनीच मिळणार होतं. एवढ्यासाठी मला तो टुकार सोहळा हवा होता.

मी पाटीवर लिहिलं की गाण्यात वाजवणारे, गाणारे सगळे वेगवेगळे भरून घेतात, आणि कोणाचा आवाज किती ठेवायचा ते आपला पोट्टा ठरवतो. बाबांनी वाचलं, पुसलं, आणि म्हणाले, "म्हंजे ऑपरेटरच झाला."

रविवारी बाबा पावणेबारालाच अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसले. हातात वही आणि पेन. ही वही समजावून सांगायला हवी. प्लँटमध्ये दर तासाला मीटर पाहून लॉगबुकात आकडे भरायचे असतात. रिटायर झाल्यावर बाबांनी घराचं लॉगबुक सुरू केलं. टाकी किती वाजता भरली, लाइट कधी गेली, कूलरमध्ये पाणी कधी टाकलं, सगळं त्यात. नियम दोनच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं, ऐकीव काही नाही. आणि पान संपलं की खाली सही करायची, कारण बिनसहीचं पान म्हणजे ड्युटी झालीच नाही. लहानपणी आम्ही घरातल्या कामांची यादी दाखवली तरी बाबा विचारायचे, "सही कुठं आहे?"

शेजारच्या काकूंना मीच बोलावलं होतं. अर्ध्या कॉलनीला सांगितलं होतं, खरं तर. काकू येताना चिवडा घेऊन आल्या आणि कूलरसमोर पाय पसरून बसल्या.

बारा वाजता बाबांनी लिहिलं, "१२.०० कार्यक्रम सुरू." पुढे ते लिहितच गेले. "१२.२० नाच. १२.४० बाहुली, लाल कोटवाला. १२.४५ जाहिराती. १.१० बाई रडली. १.१५ तीच बाई नाचली." निवेदक एकमेकांची टर उडवत होते आणि समोरचे लोक आधीच ठरल्यासारखे हसत होते. पडद्यावर कुणीही दाढीवाला तरुण दिसला की काकू विचारायच्या, "हा हाय का वं?" मी नाही म्हणायचे. अडीच वाजता मी भात टाकला आणि बाबांना ताट तिथेच नेऊन दिलं. डाव्या हाताने वही धरून त्यांनी जेवण केलं, नजर काढली नाही.

चार वाजायला पाच मिनिटं असताना सगळे कलाकार शेवटच्या नाचाला मंचावर आले आणि पडद्याच्या तळाशी एक पट्टी पळू लागली. तांत्रिक विभागांचे विजेते. बारीक अक्षरं, एकामागे एक. त्यात आमचं आडनाव गेलं असं मला वाटलं. मी उठून टीव्हीजवळ जाईपर्यंत पट्टी संपली आणि पंख्याची जाहिरात लागली. बाबा तेव्हा मान खाली घालून "३.५५ सर्वांचा नाच" लिहीत होते.

मी पाटीवर लिहिलं, "खाली नाव आलं होतं."

"मले नाही दिसलं."

"मला दिसलं," मी लिहिलं.

"लॉग तू लिहून राहिली का मी?" बाबा म्हणाले. रागाने नाही, नियम सांगावा तसं. मग त्यांनी "४.०० बंद" लिहिलं आणि वही मिटली.

काकूंनी चिवड्याचा डबा उचलला. दारात चपला घालताना म्हणाल्या, "पुढच्या साली दिसन वं. पोट्टा काही खोटं बोलणारा नाही." हे त्यांनी इतक्या समजुतीने सांगितलं की मला कळलं, उद्यापर्यंत कॉलनीत काय पसरणार. तरी मला लाज वाटली नाही. भांडी घासायची आहेत, इतकंच डोक्यात आलं.

संध्याकाळी भावाला फोन केला. तो सगळं पाहून बसला होता. "आमचे टेक्निकलचे बक्षीस दुपारीच देऊन टाकतात ताई, पाहुणे यायच्या आधी. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या. पण कॅमेरा होता, मले वाटलं..." मग त्याने विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

"लय खुश झाले." वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आईचंच वाक्य, आईच्याच सुरात. मला तेव्हा आईचा फार राग आला. सहा महिन्यांत मला काही वाटलं असेल तर ते हेच. अकरा वर्षं तिने दोघांना खोट्यावर जगवलं, आणि आता ती ड्युटी माझ्या नावावर लावून निघून गेली. मी म्हटलं, "काही नाही म्हणाले. त्यांना दिसलं नाही." तो म्हणाला, "हां." आणि आम्ही फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने हातात बाहुली धरलेला स्वतःचा फोटो पाठवला. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि मोबाइल परत दिला. "फोटो चांगला आहे," म्हणाले. वहीत काही लिहिलं नाही. मात्र झाडताना वही उचलली तेव्हा एक गोष्ट मला दिसली. सोमवारच्या पानावर सही होती, रविवारच्या पानावर नव्हती. पुढेही रोजच्या पानावर सही पडत गेली, आणि ते एक पान तसंच उघडं राहिलं.

मधे आठ दिवस गेले. मी ऑफिसातून आले तर बाबा टेबलापाशी बसलेले. समोर आईचा स्पीकर, बिस्किटाच्या पुड्याएवढा. भावानेच तिला भजनांसाठी पाठवलेला, आणि ती गेल्यापासून कपाटात पडून. बाजूला तो लांब दांड्याचा पेचकस.

"याले चालू कर," बाबा म्हणाले. "पोट्ट्याचंच गाणं लाव."

स्पीकर चार्ज व्हायला वेळ लागला. तोवर ते हात मांडीवर ठेवून बसून होते. मग मी मोबाइलवरून गाणं लावलं. खरं सांगते, गाणं मी त्याआधी एकदाही पूर्ण ऐकलं नव्हतं. कुणी बाई गात होती, खाली ढोलकी, मागे बरंच काही बारीक बारीक. बाबांनी पेचकसाचं टोक स्पीकरच्या जाळीवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला दाबली आणि डोळे मिटले. गाणं संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. बोट गोल फिरवून खूण केली, पुन्हा. दुसऱ्या वेळी टोक जाळीच्या कडेला नेलं. तिसऱ्या वेळी डब्याच्या पाठीवर. अख्खं मशीन तपासावं तसं ते चारी बाजूंनी तपासत होते. त्यांना त्यातलं किती पोचत होतं, मला माहीत नाही. कदाचित नुसती थरथर पोचत असेल. चौथ्यांदा लावलं तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर ढोलकीबरोबर पडत होती, एकही ठोका चुकत नव्हता.

पेचकस खाली ठेवून ते म्हणाले, "एवढे लोक एका डब्यात घुसवले त्यानं. कुठंच घासून नाही राहिलं."

मग त्यांनी वही ओढली, रविवारचं पान काढलं. "४.०० बंद" च्या खाली त्या दिवसाची तारीख घातली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं, "६.३५. मुलाचं काम स्वतः तपासलं. आवाज नॉर्मल."

बाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. पण टर्बाइनवर बाबांनी आयुष्यभर याहून चांगला शेरा कुणालाही दिला नव्हता, कारण याहून चांगला शेरा तिथे नसतोच. मी स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, आणि कणीक मळायच्या परातीवर वाकून रडले. आईसाठी रडायचं राहिलं होतं, ते तेव्हा झालं.

पोळ्या झाल्यावर मी त्या पानाचा फोटो काढून भावाला पाठवला. वर एक शब्दही लिहिला नाही. त्याने लगेच पाहिला. बराच वेळ 'टाइप करत आहे' असं येत होतं आणि जात होतं. शेवटी आलं ते एवढंच.

"खालचं नीट दिसून नाही राहिलं ताई. सही केली का त्यांनी?"

मी जाऊन पुन्हा पान पाहिलं, शेऱ्याखाली बाबांची सही होती, आणि मग लिहिलं, "केली."