दक्षिणेकडे तोंड केलेली मोटार

अनुला कुवेतहून कायमची परत आली असं सगळं गाव म्हणत होतं. अनुला मात्र काहीच म्हणत नव्हती. सोळा वर्षं परक्या घरात राबून आलेली बाई ओसरीवर बसून तांदूळ निवडायची, विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर जेवायची. रडणं नाही, हसणं नाही, साधी कुरकुरसुद्धा नाही. वारियपोल्याच्या बायकांना हे पचेना. परदेशातून आलेल्या बाईनं कसं निदान तोरा तरी मिरवावा! "गर्व झालाय," एक म्हणाली. "दृष्ट लागलीय," दुसरी म्हणाली. खरं इतकंच होतं की तिला काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं.

ती गेली तेव्हा लेक सेव्वंदी दोन वर्षांची होती. नणंदेनं, सुमना अक्कानं, तिला वाढवली, शिकवली, माताळ्यात देऊनही टाकली. आता दर रविवारी लेकीचा फोन यायचा. "जेवलीस का अम्मा?" "जेवले." मग लेक म्हणायची, "बरं, आत्याकडे दे." आणि अनुला मुकाट्यानं फोन अक्काकडे द्यायची. आत्या-भाचीच्या गप्पा मग तासभर रंगायच्या, आणि अनुला मागल्या दारी भांडी घासायची. घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.

नवरा विजेसिरी तेलघाणीवर खोबऱ्याच्या वजनकाट्याशी बसायचा. माणूस भला, पण बोलायला महाकंजूष. सोळा वर्षं त्यानं हिची वाट पाहिली आणि ती आल्यावर तिच्याशी काय बोलावं हेच त्याला सुचेना. एका घरात दोघं पाहुण्यासारखी वावरत होती. "चहा घेता?" "चालेल." एवढ्यावर दिवस निघायचा.

अशात कुरुनेगलच्या एजंटबाईचा, सफियाचा, फोन आला. कुवेतच्या मालकिणीला नातू झाला होता. तिला दुसरी कोणी नको, अनुलाच हवी. "अवुरुदू होऊ दे," सफिया म्हणाली, "नव्या वर्षाचा सण घरी कर आणि मग हो की नाही सांग." अनुला "बरं" म्हणाली. जावंसं वाटत होतं असं नाही, राहावंसं वाटत होतं असंही नाही. तिथे निदान काय करायचं ते कोणीतरी सांगत तरी होतं.

विजेसिरीनं हे ओसरीवरून ऐकलं. दोन दिवस मान खाजवत फिरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबांची मोटार चालू करूया का? आपण दोघं मिळून?"

बाबा म्हणजे त्याचे वडील, शाळामास्तर. त्यांची मॉरिस मायनर परसात फणसाखाली त्यांच्या मागे कितीतरी वर्षं उभी होती. विकू म्हटलं तर अक्का रडायची, दुरुस्त करू म्हटलं तर विजेसिरी "बघू" म्हणायचा. असं ते भिजत घोंगडं. मागल्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

"तुम्हाला येतं त्यातलं काही?" अनुलानं विचारलं.

"नाही."

"मला पण नाही."

"मग बरंच झालं. कोणी कोणाला शहाणपण शिकवायला नको." मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "अवुरुदूच्या मुहूर्ताला, वर्षाचं पहिलं काम म्हणून चालू करू. चालू झाली तर मग... बघ."

काय बघ, ते त्यानं सांगितलं नाही. तिला कळलं. नवरा 'राहा' म्हणत होता, पण तो शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हता. तिला त्याचंही काही वाटलं नाही. "बरं," ती म्हणाली आणि कोंबड्या हाकलायला उठली.

त्या दिवसापासून गावाला नवा तमाशा मिळाला. नवरा-बायको गाडीखाली! कुंपणावर ओळीनं माणसं उभी राहायची आणि उंटावरून शेळ्या हाकायची. "विजे अय्या, त्यापेक्षा बैल जोड की!" "वहिनी, हॉर्न आधी दुरुस्त करा, बाकी मग बघू!" विजेसिरी लाल व्हायचा. अनुला मान वर करायची नाही.

मोटार तिनं घरासारखी झाडायपुसायला घेतली. गंज तारेच्या ब्रशनं खरवडला, कोंबड्यांची घाण सोड्याच्या पाण्यानं धुतली, दारांच्या फटी जुन्या टूथब्रशनं साफ केल्या. कुवेतची न्हाणीघरंही तिनं अशीच चकचकीत ठेवली होती. विजेसिरी सुट्टीच्या दिवशी भाग खोलायचा आणि खोलल्या खोलल्या विसरायचा, कुठला कुठून निघाला ते. मग अनुलानं करवंट्या मांडल्या. एका भागाचे बोल्ट एका करवंटीत, करवंटीखाली फणसाच्या पानावर त्या भागाचं चित्र. चित्रं इतकी वाईट असायची की विजेसिरीला हसू आवरायचं नाही. "हा काय, बेडूक?" "पंप आहे." "पंप असा दिसतो?" "तुम्ही काढला तेव्हा असाच दिसत होता." हे बोलतानाही तिचा चेहरा कोराच. पण विजेसिरी दिवसभर ते आठवून हसला.

एकदा पत्रा खरवडताना तिची बोटं कापली. रक्त गळत होतं आणि ती खरवडतच होती. त्यानं पाहिलं, धावत जाऊन फडकं आणलं, हात हातात घेऊन बांधलं. ती आल्यापासून त्यानं तिचा हात पहिल्यांदाच धरला होता. "दुखत नाही का गं?" त्यानं विचारलं. तिनं खरंच विचार केला. आपल्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसं बघितलं आणि म्हणाली, "माहीत नाही." त्या रात्री विजेसिरी जेवला नाही. भूक नाही म्हणाला.

इंजिनाचं काम मात्र त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. ते नाक्यावरच्या रत्ने बासनं, रत्ने मिस्त्रीनं, केलं. तोंडाचा फाटका, पण हाताचा चांगला मिस्त्री. नवे भाग बसवले, तोंडानं सतत दोघांची टर उडवली, आणि सणाला आपल्या गावी निघताना म्हणाला, "सगळं तयार आहे. इंजिनात तेल घाला, मगच चावी फिरवा. तेल नसलं की पेटणारा डॅशबोर्डावरचा बल्ब गेलाय, तो मी आल्यावर लावतो. आणि भांडू नका दोघं!"

"आम्ही भांडत नाही," विजेसिरी म्हणाला.

"तेच तर म्हणतोय!" असं म्हणून बास हसत बसमध्ये चढला.

जुनं वर्ष संपायच्या दिवशी सकाळी अक्का पंचांग घेऊन परसात आली आणि माशी शिंकली. यंदाचं पहिलं काम दक्षिणेकडे तोंड करून करायचं होतं. मोटारीचं तोंड होतं पूर्वेला, कोंबड्यांच्या खुराड्याकडे.

"तोंड माणसाचं दक्षिणेला हवं, मोटारीचं नाही," विजेसिरी म्हणाला.

"मग तू काय पाठीमागे वळून चालवणार आहेस?" अक्का कडाडली. "वर्षाचं पहिलं काम आहे. उगाच चालढकल नको."

झालं! मोटार वळवायची ठरली. कुंपणावरचे सगळे सल्लागार आत आले. फणसाची मुळं चुकवत, ढकलत, ओढत, एकमेकांना शिव्या देत सकाळ गेली, दुपार आली. मोटार एकदाची दक्षिणेला तोंड करून उभी राहिली तेव्हा सगळे घामानं निथळत होते. विजेसिरी अनुलाला म्हणाला, "आता तेवढं तेल घाल." तिनं डबा आणला, इंजिनावरचं झाकण काढलं, डबा कलता केला, आणि त्याच क्षणी देवळातली घंटा वाजली.

"अनुला! हात थांबव!" अक्का ओसरीवरून ओरडली. "नोनगत लागलं!"

जुनं वर्ष संपून नवं लागेपर्यंतचा हा मधला वेळ. या वेळात सगळ्या बेटावर कोणी काम करत नाही. चूल विझते, विळी खाली ठेवली जाते, फक्त देवाला जायचं. एक थेंबही आत गेला नव्हता. पण सोळा वर्षांत 'थांब' म्हटलं की थांबायची तिला इतकी सवय झाली होती की तिनं झाकण लावलं, डबा उचलून कोठीत नेऊन ठेवला, हात धुतले आणि पांढरं नेसून अक्काबरोबर देवळात गेली.

त्यानंतर मुहूर्तावर मुहूर्त. चूल पेटवायचा, दूध उतू जाऊ द्यायचा. दुधाच्या भाताच्या वड्या पाडताना, तळणीचे पदार्थ ताटात रचताना, आल्या-गेल्याला पान देताना तेलाचा विषय अनुलाच्या डोक्यातून पार निघून गेला. विजेसिरीनं विचारलंच नाही. तेल घाल म्हटलं होतं, म्हणजे घातलं असणार. अनुलाला सांगितलेलं काम राहिलंय असं कधी झालं होतं?

पहिल्या कामाचा मुहूर्त आला. विजेसिरी निळा सदरा घालून बसला, शेजारी अनुला निळी साडी नेसून. अक्कानं आरशाला पांढऱ्या कापडात बांधलेलं नाणं लटकवलं. पंचांगातली वेळ भरली आणि त्यानं चावी फिरवून खटका ओढला.

मोटार एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि चालू झाली!

लोकांनी आरोळी ठोकली. त्याच क्षणी साऱ्या गावात फटाके सुटले. कुंपणाला बांधलेल्या माळा, शेजारच्या, पलीकडच्या, देवळापाशीच्या. विजेसिरीनं अनुलाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड लहान पोरासारखं उघडं. त्यानं गाडी अंगणातून काढली, रस्त्यावर घेतली, देवळाच्या बाजूनं वळवली. आत काहीतरी ठोकत होतं, पण माळांच्या त्या कडकडाटात ठोका कोणाला ऐकू येणार? अनुलाला पायाखाली हादरा जाणवला. जुनी गाडी अशीच हादरत असेल, असं तिला वाटलं.

देवळासमोर इंजिन एकदम कर्रकन जाम झालं आणि बंद पडलं. पुन्हा खटका ओढला, काही नाही. फटाके विझले तेव्हा पुढून जळका वास येत होता.

माणसं जमली. कोणीतरी तेल मोजायची कांडी काढून पाहिली. कोरडीठाक. "तेलच नाही!" मग सगळ्यांनी तोंडानं चुकचुक सुरू केली. अक्कानं कपाळावर हात मारला. "वर्षाचं पहिलंच काम! कोणी घालायचं होतं तेल?"

अनुलाच्या डोळ्यांसमोर कोठीतला डबा आला. तिनं तोंड उघडण्याआधीच विजेसिरी म्हणाला, "मी. मीच विसरलो."

"तू? इतका वेंधळा तू?"

"मीच. तिचा काही संबंध नाही. ओरडायचं तर मला ओरड."

अक्का त्याला बोलत सुटली, लोकांनी साथ दिली, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. अनुला बघत होती. मग तिला तिचाच आवाज ऐकू आला, इतका मोठा की देवळाच्या पायरीवरची माणसं वळली.

"खोटं बोलू नका! डबा माझ्या हातात होता!"

ती गाडीतून उतरली. "माझ्या हातात होता आणि मी नेऊन ठेवला. तुम्ही कशाला घेता माझी चूक? त्या घरात पोरांनी फुलदाण्या फोडल्या, तरी माझं नाव. मालकाचं घड्याळ हरवलं, तरी माझं नाव. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या चुका गिळल्या मी! ही एक माझी स्वतःची आहे. ती तरी मला असू द्या!"

तिला हुंदका फुटला, तो थांबवता येईना आणि बोलणंही थांबेना. ती नवऱ्यावर ओरडली, न विचारल्याबद्दल. नणंदेवर ओरडली, घंटा वाजली म्हणून हात थांबवायला लावल्याबद्दल. मग जे कधीच बोलली नव्हती तेही बोलली, "माझी पोर माझ्याशी बोलत नाही हो!" तेव्हा अक्का जागच्या जागी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. सगळा गाव ऐकत होता. अनुलाला लाज वाटली, राग आला, आणि कापलेली बोटं, इतक्या दिवसांनी, ठणकायला लागली.

विजेसिरी शांतपणे उभा होता. ती दमून बॉनेटला टेकली तेव्हा म्हणाला, "बरं. तुझी चूक. घे."

"घेतली."

"मग दुरुस्त कोण करणार?"

"मीच. पुन्हा सगळं खोलावं लागेल." तिनं नाक पुसलं. "कितीतरी महिने जातील."

"आणि सफिया? सण झाला की तिचा फोन येणार."

अनुलानं पदरानं डोळे कोरडे केले आणि गाडीला मागून हात लावला.

"तिला सांगते, इथं माझ्या हातून एक काम बिघडलंय, ते टाकून येता येत नाही," ती म्हणाली. "बघत काय उभे राहिलात? ढकला!"